फोटो डेटाबेसमध्ये ठेवायचे की फोल्डरमध्ये, आणि पानावर दाखवायचे कसे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पीएचपी आणि मायएसक्यूएलवर चालणारं, सभासदांची नोंद ठेवणारं ॲप आहे. प्रत्येक सभासदाचा एक फोटो आणि दोन-चार स्कॅन केलेली कागदपत्रं सभासदांच्या टेबलातच ब्लॉब कॉलममध्ये (फाइलचे कच्चे बाइट ठेवणाऱ्या रकान्यात) साठवली आहेत, आणि पानावर ती बेस६४ करून, म्हणजे बाइटांची साधी अक्षरं करून, थेट एचटीएमएलमध्ये घातली जातात. लहान फोटो नीट दिसतात. मोबाइलवर काढलेल्या मोठ्या फोटोंचा वरचा पट्टा दिसतो आणि खाली सगळं करडं. सभासदांची यादी उघडायला आता फार वेळ लागतो. एकाने सांगितलं की डेटाबेसमध्ये फोटो कधीच ठेवायचे नसतात, दुसऱ्याने सांगितलं की फोल्डरमध्ये ठेवलेत तर बॅकअपचा घोळ होईल. आता ऐकायचं कुणाचं?

यात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेत. अर्धा फोटो आणि हळू यादी या दोन तक्रारींची कारणं नेमकी आहेत, आणि डेटाबेसमध्ये फोटो ठेवणंच चूक, असं त्यावरून ठरत नाही. म्हणून आधी ती दोन बाजूला काढू.

मायएसक्यूएलमध्ये नुसत्या ‘ब्लॉब’ प्रकारात जास्तीत जास्त ६५,५३५ बाइट मावतात, म्हणजे ६४ केबीला एक बाइट कमी. स्ट्रिक्ट मोड, म्हणजे न मावणारी माहिती एरर देऊन नाकारणारी सेटिंग, बंद असेल तर त्यापुढचे बाइट मायएसक्यूएल कापून टाकतं आणि फक्त एक वॉर्निंग देतं, जी तुमचा कोड बहुधा वाचतच नाही. साध्या जेपेगमध्ये चित्राची माहिती वरून खाली लिहिलेली असते, त्यामुळे जेवढे बाइट वाचले तेवढा वरचा पट्टा दिसतो आणि उरलेलं करडं राहतं. खात्री करायची असेल तर त्या कॉलमची लांबी विचारणारी क्वेरी चालवा. पुष्कळ ओळींत बरोबर ६५,५३५ हाच आकडा आला की निदान पक्कं. ते फोटो आता डेटाबेसमधून परत मिळणार नाहीत, मूळ फाइल पुन्हा मागवाव्या लागतील. त्या सभासदांची यादी आजच काढून ठेवा आणि स्ट्रिक्ट मोड चालू करा. मायएसक्यूएल ५.७ पासून तो मुळातच चालू असतो, पण जुनी सेटिंग फाइल पुढे ओढत आणलेली असली की बंदच राहतो.

कॉलम मीडियमब्लॉब केला की मर्यादा १६ एमबीवर जाते, पण लगेच पुढच्या भिंती लागतात. पीएचपीत एका अपलोड फाइलची मूळ मर्यादा २ एमबी असते, अख्ख्या फॉर्मची ८ एमबी. पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर त्याची स्वतःची मूळ मर्यादा १ एमबी, ती ओलांडली की ४१३ चा एरर. मायएसक्यूएलला एका वेळी किती माहिती पाठवता येते, ती ‘मॅक्स अलाउड पॅकेट’ ही मर्यादा वेगळीच. यातली फॉर्मची मर्यादा सगळ्यांत जास्त घोळ घालते. ती ओलांडली की पीएचपी फॉर्ममधली सगळीच माहिती रिकामी देतं, फाइलही आणि बाकीची खाणीही. मग सभासदाने सगळं नीट भरलेलं असूनही ॲप त्याला ‘नाव भरा’ असं सांगतं, आणि तुम्ही व्हॅलिडेशनच्या कोडमध्ये चूक शोधत बसता. या चारही मर्यादा एकदम, एकमेकींशी जुळवून ठरवा, आणि फाइल मोठी झाली तर तसं स्पष्ट शब्दांत सांगा.

आता हळू यादी. कोडमध्ये कुठेतरी ‘सिलेक्ट स्टार’ असणार. यादीला नाव आणि क्रमांक हवा असतो, पण क्वेरी फोटोसकट सगळे कॉलम उचलून आणते. पीएचपी साधारणपणे क्वेरीचा सगळा निकाल आधी मेमरीत भरून घेतं. मीडियमब्लॉब केल्यावर एका पानावर ५० सभासद आणि प्रत्येकी ३ एमबीचा फोटो धरला तर झाले १५० एमबी, आणि पीएचपीची मूळ मेमरी मर्यादा १२८ एमबी. वर बेस६४ मुळे प्रत्येक ३ बाइटची ४ अक्षरं होतात, म्हणजे आकार आणखी एक तृतीयांशाने वाढतो. शिवाय फोटो एचटीएमएलच्या पोटात असल्यामुळे ब्राउझर तो वेगळा जपून ठेवू शकत नाही. पान दरवेळी उघडलं की सगळे फोटो नव्याने उतरतात.

लागणाऱ्या कॉलमांचीच नावं क्वेरीत लिहिलीत तर एवढ्यानेही यादी बरीच सुधारेल, कारण इनोडीबी, म्हणजे मायएसक्यूएलचा माहिती साठवणारा भाग, मोठे ब्लॉब ओळीबाहेर वेगळ्या पानांवर ठेवतं आणि मागितले नाहीत तर ती पानं वाचत नाही. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्येही मोठी मूल्यं अशीच बाजूला जातात. तरीही फोटोंसाठी वेगळं टेबल करा असं मी सांगतो. त्याचं कारण वेग नाही. सहा महिन्यांनी दुसरं कुणी त्या कोडला हात लावेल आणि पुन्हा ‘सिलेक्ट स्टार’ लिहील, तेव्हा नुकसान होऊ नये म्हणून.

उरला मूळ प्रश्न, ठेवायचं कुठे. ‘कधीच डेटाबेसमध्ये नको’ हे मला पटत नाही. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या एका अहवालात रसेल सिअर्स, कॅथरिन व्हॅन इंगेन आणि जिम ग्रे यांनी याच प्रश्नावरचं मोजमाप मांडलं होतं. सुमारे २५६ केबीपेक्षा लहान वस्तू डेटाबेसमध्ये बऱ्या, १ एमबीपेक्षा मोठ्या फाइल सिस्टिममध्ये बऱ्या, आणि मधल्या पट्ट्यात वापर कसा आहे त्यावर अवलंबून, असा त्यांचा निष्कर्ष. ते मोजमाप त्या काळच्या एसक्यूएल सर्व्हर आणि एनटीएफएस या विंडोजच्या फाइल सिस्टिमवरचं आहे, त्यामुळे आकडे जसेच्या तसे घेऊ नका, पण कल आजही उपयोगाचा आहे. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या निर्मात्यांनीही १० केबीच्या आसपासची लघुचित्रं डेटाबेसमधून वाचणं सुट्या फाइल वाचण्यापेक्षा ३५ टक्क्यांनी जलद असल्याचं दाखवलंय. फाइल उघडण्या-मिटण्याचा खर्च तिथे वाचतो.

म्हणून निर्णय घेण्याआधी मी आकार विचारतो, एकूण संख्या किती वाढणार ते विचारतो, फोटो सगळ्यांनी पाहायचे की मोजक्यांनी ते विचारतो, आणि ॲप एका सर्व्हरवर आहे की अनेक ते पाहतो. फाइल लहान असतील, संख्या आवाक्यात असेल, सगळं खासगी असेल आणि सांभाळणारा माणूस एकच असेल, तर डेटाबेस चांगलाच. सहीचं चित्र किंवा ओळखपत्रावरचा छोटा फोटो मी बिनधास्त डेटाबेसमध्ये ठेवतो. एक बॅकअप, एकच परवानगीची यंत्रणा, आणि नोंद व फोटो एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे झालं तर दोन्ही, नाहीतर काहीच नाही.

पण फाइल मोठ्या झाल्या की हिशेब उलटतो. फोटो टेबलात लिहिला जातो, बायनरी लॉगमध्ये (डेटाबेसमधल्या बदलांच्या नोंदवहीत) पुन्हा लिहिला जातो, रेप्लिका, म्हणजे डेटाबेसची दुसऱ्या सर्व्हरवरची जिवंत प्रत, असेल तर तिकडेही जातो. मायएसक्यूएल डंप, म्हणजे सगळ्या माहितीची मजकूर-फाइलमधली प्रत, हेक्स स्वरूपात काढला तर प्रत्येक बाइटची दोन अक्षरं होतात. या सगळ्यांत मी सर्वाधिक वजन देतो ते डेटाबेस परत उभा करायला लागणाऱ्या वेळेला. सर्व्हर पडला आणि लोक खोळंबलेत, अशा वेळी नावं, पैसे आणि तारखा आधी परत यायला हव्यात. फोटो तासाभराने आले तरी चालतात. दोन्ही एकाच डंपमध्ये असतील तर छोट्या पण महत्त्वाच्या माहितीला मोठ्या पण कमी निकडीच्या माहितीची वाट पाहावी लागते. तुमच्याकडे स्कॅन केलेली कागदपत्रं आहेत, ती वाढतच जाणार. तेव्हा तुम्ही बाइट फाइलमध्ये ठेवा आणि त्यांची नोंद डेटाबेसमध्ये.

हे करताना एक नियम पाळा, मग बॅकअपची भीती उरत नाही. एकदा लिहिलेली फाइल कधीही बदलायची नाही. सभासदाने फोटो बदलला तर नवी फाइल नव्या नावाने लिहायची आणि नोंदीत नवं नाव टाकायचं. बदलते ती नोंद, फाइल नाही.

‘सभासद १२३’ अशा नावाची फाइल करून तिच्यावरच नवा फोटो चढवण्याचा मोह होतो, कारण मग नाव साठवायलाच नको. पण सभासदाने फोटो बदलला तरी ब्राउझर पत्ता तोच पाहून जपून ठेवलेला जुना फोटो दाखवत राहतो, मग तो तीनदा अपलोड करतो आणि शेवटी तक्रार करतो. नाव दरवेळी नवं असलं की उलट फायदा होतो. सगळ्यांना खुल्या फोटोंना कॅशे-कंट्रोलमध्ये (प्रत किती काळ जपायची ते ब्राउझरला सांगणाऱ्या हेडरमध्ये) एका वर्षाची, म्हणजे ३,१५,३६,००० सेकंदांची मुदत आणि ‘इम्युटेबल’, म्हणजे न बदलणारा, असं बिनधोक सांगता येतं, आणि ब्राउझर पुन्हा विचारायलाही येत नाही.

नाव म्हणून मी ३२ हेक्स अक्षरांचा यादृच्छिक शब्द वापरतो. पहिल्या दोन अक्षरांचं एक फोल्डर, पुढच्या दोनांचं त्याच्या आतलं फोल्डर, म्हणजे एकाच ठिकाणी लाखभर फाइलींचा ढीग होत नाही. पुष्कळ जण मजकुराचा एसएचए-२५६ हॅशच, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठशासारखा आकडाच, नाव म्हणून वापरतात. तसं केलं की एकसारख्या फाइल एकदाच साठतात, पण एक फाइल दोघांची झाली की पुसताना आणखी कोण वापरतंय ते तपासत बसावं लागतं. सभासदांच्या कागदपत्रांत तेवढी बचत होत नाही. म्हणून मी हॅश वेगळ्या कॉलममध्ये ठेवतो आणि बॅकअप परत आणल्यावर फाइल शाबूत आहे का, ते पाहायला वापरतो. त्याच टेबलात फाइलचा खरा प्रकार, रुंदी, उंची, आकार, मूळ नाव आणि अपलोडची वेळ ठेवा. पूर्ण पाथ मात्र साठवू नका. मुख्य फोल्डर सेटिंगमध्ये, टेबलात फक्त नाव. उद्या डिस्क बदलली किंवा सगळं ऑब्जेक्ट स्टोरेजवर (फाइल ठेवण्यासाठीच्या वेगळ्या, नेटवर्कवरच्या सेवेवर) न्यायचं ठरलं तर टेबलाला हात लावावा लागणार नाही.

आता क्रम. फाइल आणि नोंद एका ट्रान्झॅक्शनमध्ये बसत नाहीत, हा फोल्डरवरचा खरा आक्षेप, आणि तो योग्य आहे. त्यावर उपाय म्हणजे मध्येच काही तुटलं तर नुकसान निरुपद्रवी बाजूला व्हावं अशी पावलं लावणं. आधी फाइल तात्पुरत्या नावाने त्याच डिस्कवर लिहा, पूर्ण झाली की खऱ्या नावावर रीनेम करा, आणि मगच नोंद कमिट, म्हणजे पक्की, करा. एकाच फाइल सिस्टिमवर रीनेम एका झटक्यात होतं, त्यामुळे अर्धवट फाइल कुणाला दिसत नाही. नोंद होण्याआधी वीज गेली तर मागे एक बेवारस फाइल उरते, तिचा त्रास कुणालाच नाही. उलट क्रमाने केलंत तर नोंद असते पण फाइल नसते, आणि सभासदाला तुटलेल्या चित्राचं चिन्ह दिसतं.

पुसताना क्रम उलटा. आधी नोंद काढा, फाइलला लगेच हात लावू नका. रोज रात्री चालणारी एक छोटी स्क्रिप्ट नोंद नसलेल्या फाइल शोधते आणि त्यांतल्या काही दिवस नोंदीविना राहिलेल्याच पुसते. हे ‘काही दिवस’ महत्त्वाचे, कारण बॅकअपचं उत्तर त्यातच आहे. बॅकअप घेताना डेटाबेसचा डंप आधी, फाइलींची प्रत नंतर. डंप घेतला त्या क्षणी ज्या नोंदी होत्या, त्यांच्या फाइल तोवर लिहून झालेल्याच असतात, आणि मधल्या वेळात एखादी नोंद पुसली गेली तरी तिची फाइल अजून जागेवर असते. डंपनंतर आलेल्या जादा फाइल प्रतीत गेल्या तर जाऊ द्यात. शिवाय जुन्या फाइल कधी बदलतच नसल्यामुळे दर रात्री फक्त नव्याच तेवढ्या उचलाव्या लागतात. ‘घोळ होईल’ असं ज्यांनी सांगितलं, त्यांनी बहुधा फाइलवर फाइल चढवणारी आणि पुसताना लगेच उडवणारी रचना पाहिली असेल. तिथे घोळ होतोच.

अपलोड स्वीकारताना फाइलच्या नावावर किंवा ब्राउझरने सांगितलेल्या प्रकारावर विश्वास ठेवू नका. सुरुवातीचे बाइट पाहा. जेपेग ‘एफएफ डी८ एफएफ’ ने सुरू होते, पीएनजी ‘८९’ आणि त्यामागे तिचं नाव घेऊन येते. पण तेवढ्यावरही थांबू नका, कारण सुरुवात खरी आणि पुढे भलताच मजकूर असं बनवता येतं. चित्र लायब्ररीतून उघडून नव्याने लिहा आणि तीच नवी प्रत दाखवायला वापरा. उघडण्यापूर्वी रुंदी-उंची वाचून मर्यादा घाला. १०,००० बाय १०,००० पिक्सेलची एकरंगी पीएनजी डिस्कवर अगदी छोटी असू शकते, पण उघडली की पिक्सेलला ४ बाइट धरून ४०० एमबी मेमरी खाते. एसव्हीजी या मजकुरात लिहिलेल्या चित्रप्रकारात स्क्रिप्ट असू शकते, सभासदांकडून ती घेऊच नका. आणि अपलोडचं फोल्डर वेबच्या मुख्य फोल्डरबाहेर ठेवा, म्हणजे कुणी पीएचपीची फाइल चढवली तरी ती चालवता येणार नाही.

मोबाइलच्या फोटोंबाबत एक गोष्ट हमखास अडते. उभा फोटो लहान केल्यावर आडवा पडतो. फोन बहुतेक वेळा पिक्सेल फिरवत नाही, ‘दाखवताना फिरवा’ अशी खूण एक्सिफमध्ये, म्हणजे फाइलमध्येच असलेल्या फोटोच्या माहितीत, लिहून ठेवतो. पीएचपीच्या जीडी या चित्रांच्या लायब्ररीतून नवी प्रत काढली की एक्सिफ गळून पडतं आणि खूण हरवते. म्हणून आधी खूण वाचून चित्र फिरवा, मग लहान करा. एक्सिफमध्ये फोटो कुठे काढला त्याचे जीपीएस आकडेही असू शकतात. दुसऱ्यांना दिसणाऱ्या प्रतीतून ते गळाले तर उत्तमच.

अपलोडच्या वेळीच दोन प्रती काढून ठेवा. यादीसाठी १६० पिक्सेलची, सभासदाच्या पानासाठी ८०० ची. मूळ फाइल वेगळी जपा. १६० ची जेपेग साधारण १० केबीच्या आत बसते, म्हणजे ५० जणांची यादी १५० एमबीवरून ५०० केबीच्या घरात आली. एचटीएमएलमध्ये प्रत्येक चित्राची रुंदी आणि उंची लिहा, नाहीतर फोटो उतरत जातात तसं पान खाली सरकत राहतं. वेबपी की एव्हिफ या नव्या चित्रप्रकारांचा विचार हे सगळं झाल्यावर करा.

दाखवण्याचं पाहू. सगळ्यांना खुले असलेले फोटो थेट एनजिनएक्स किंवा अपाचेने द्यावेत, पीएचपी मध्ये नको. तुमची कागदपत्रं खासगी आहेत, तिथे मात्र आधी परवानगी तपासायला हवी. लांबलचक नाव कुणाला ओळखता येणार नाही, एवढ्यावर विसंबू नका. पत्ते पुढे पाठवले जातात, लॉगमध्ये उरतात. पीएचपी परवानगी तपासेल आणि ‘एक्स-ॲक्सेल-रिडायरेक्ट’ हे हेडर देऊन फाइल पाठवायचं काम एनजिनएक्सकडे सोपवेल, अशी मांडणी करा. अपाचेला ‘एक्स-सेंडफाइल’ मॉड्यूल आहे. कॅशे-कंट्रोल इथे ‘प्रायव्हेट’, आणि फाइलचा प्रकार ब्राउझरने स्वतः अंदाजाने ठरवू नये म्हणून ‘नोस्निफ’ हेडरही द्या. परवानगी तपासून झाली की सेशन (लॉगिनची आठवण ठेवणारी पीएचपीची नोंद) लगेच बंद करा. पीएचपीचं फाइलवर चालणारं सेशन एका वापरकर्त्याच्या विनंत्या एकामागून एक रांगेत लावतं, त्यामुळे एका पानावरची वीस चित्रं एकेक करून उतरतात आणि आपण डिस्कला दोष देतो.

काही लहान चित्रं डेटाबेसमध्येच ठेवायची ठरवलीत, तरी ती वेगळ्या पत्त्यावरून द्या. कंटेंट-टाइप हेडर पाठवा, ते राहिलं की चित्राऐवजी चित्रविचित्र अक्षरं दिसू शकतात. हॅश ईटॅग, म्हणजे प्रत ओळखायची खूण, म्हणून द्या, ब्राउझरने तोच परत दाखवला तर ३०४, म्हणजे ‘बदललेलं नाही’, सांगून मोकळे व्हा, ब्लॉब वाचायलाही नको. आणि त्या स्क्रिप्टच्या सुरुवातीला रिकामी ओळ किंवा बीओएम (काही एडिटर फाइलच्या सुरुवातीला घालतात ते न दिसणारे बाइट) नाही ना ते बघा. एवढ्याशा जादा बाइटने चित्र तुटतं.

सर्व्हर एकापेक्षा जास्त असतील किंवा ॲप कंटेनरमध्ये, म्हणजे हवा तेव्हा नव्याने उभा करता येणाऱ्या डब्यात, चालत असेल तर स्थानिक डिस्क विसरा. एका सर्व्हरवर चढवलेला फोटो दुसऱ्यावर नसतो, आणि कंटेनर नव्याने उभा राहिला की आतलं फोल्डर गेलं. तिथे ऑब्जेक्ट स्टोरेज, आणि खासगी फाइलींसाठी ठरावीक मिनिटांत संपणारा सही केलेला पत्ता. फाइल कधी न बदलण्याचा नियम आणि लिहिण्या-पुसण्याचा क्रम तिथेही तोच.

सध्याचे फोटो हलवताना ॲप बंद ठेवायची गरज नाही. फोटोंचं नवं टेबल करा. चित्र दाखवणारा कोड असा बदला की नव्या टेबलात नाव सापडलं तर फाइल द्यायची, नाहीतर जुना ब्लॉब. नवे अपलोड त्याच दिवसापासून फाइलमध्ये जाऊ द्यात. मग एक स्क्रिप्ट आयडीच्या क्रमाने शंभर-शंभर ओळी घेईल, फाइल लिहील, ती परत वाचून हॅश ब्लॉबशी ताडून पाहील आणि जुळला तरच नोंद करेल. सगळं झाल्यावर काही आठवडे ब्लॉब तसेच राहू द्या, मग पूर्ण बॅकअप घेऊन रिकामे करा. रिकामे केले तरी इनोडीबी ती जागा ऑपरेटिंग सिस्टिमला परत देत नाही. त्यासाठी ‘ऑप्टिमाइझ टेबल’ चालवावं लागतं आणि ते टेबलाची नवी प्रत बांधतं, तेव्हा डिस्कवर उरलेल्या माहितीपुरती मोकळी जागा आहे ना हे आधी पाहा आणि वर्दळ कमी असेल अशा वेळी चालवा.